माश्या बसल्यात

फोन आला की मी आधी विचारते, "मेण दिसतंय का?" समोरच्या माणसाला हा प्रश्न आवडत नाही. त्याला सांगायचं असतं की माश्या हजारोंनी आहेत, बायका जिना उतरेनाशा झाल्यात, शाळेची बस यायची वेळ झालीय. ते सगळं खरंच असतं. पण फुलपाड्याला निघण्याआधी मला एवढं कळायला हवं असतं, की माश्या नुसत्या एकमेकींना धरून लोंबकळतायत, की त्यांच्या मागे मेणाची कड आहे. मग मी फोटो मागवते. लांबून काढा, फ्लॅश मारू नका, खिडकी उघडून हात बाहेर काढू नका. फोटोत मेण नसेल तर ते पोळं नव्हे, वाटेत टेकलेला थवा आहे. तो काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत आपला आपण उठतो. आग्या माश्यांचा स्थलांतराला निघालेला थवा असेल तर कधी त्याहून जास्त थांबतो, पण जातो. त्याला कुणी काही करायचं नसतं. हे पटवून देणं हाच माझ्या कामाचा मोठा भाग झाला आहे. जाळीची टोपी, धुराडं, पेटी यांची पाळी नंतर येते, आणि पुष्कळदा येतच नाही.

विरार पूर्वेचा फुलपाडा जीवदानीच्या डोंगराला टेकून वसला आहे. वर पापडखिंडीचं धरण, त्याच्या मागे झाडी, आणखी पुढे तुंगारेश्वरचं अभयारण्य. खाली चाळी, जुन्या तीन-चार मजली इमारती आणि त्यांच्यामधून वर निघालेले टॉवर. माशीला इथे सगळं हाताशी आहे. थंडी सरता सरता काटेसावर, पांगारा आणि पळस, मग जांभूळ आणि करंज, रस्त्याकडेचा सोनमोहोर, बाल्कन्यांतल्या तुळशी. उन्हाळ्यात तिला पाणीही लागतं. पोळ्यात पिल्लांचा भाग ३४-३५ अंशांच्या आसपास राखायचा असतो, म्हणून कामकरी माश्या पाणी आणून पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. धरण जवळ असलं तरी कुणाच्या तरी मोरीतला गळका नळ त्याहून जवळ असतो. "नळावर माश्या येतात, घरात कुठे पोळं आहे का?" असा फोन एप्रिल-मेमध्ये ठरलेला. बहुधा घरात काहीच नसतं, पाण्याला आलेल्या माश्या असतात. पसरट ताटलीत खडे टाकून पाणी घातलं आणि ती गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली, तिकडची त्यांना सवय झाली, की नळ दुरुस्त करून घ्यावा. दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

दुसरा प्रश्न, माशी कोणती? फुलोरी असेल तर ती अगदी लहान, आणि तिचं तळहाताएवढं एकच पोळं ग्रिलमधल्या मोगऱ्याच्या नाहीतर डाळिंबाच्या फांदीला लागतं. ते मी सहसा हलवत नाही. घरातल्या माणसांना कुंडीपासून थोडं अंतर ठेवायला सांगते, आणि त्यांचं जमतं. सातेरीला अंधारी पोकळी लागते. झाडाची ढोली, भिंतीतलं भगदाड, पडीक टाकी, जिन्याखालचा जुना मीटर बॉक्स, काहीही चालतं. आत ती एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. आपल्याकडच्या या तिघींत पेटीत नांदते ती हीच. आग्या माशी सगळ्यांत मोठी. ती उंचावर, उघड्यावर, एकच भलंथोरलं पोळं बांधते, मीटरभर रुंदीचंही होतं, आणि त्यावर हजारो माश्यांचा पडदा असतो. पूर्वी तिला कडा आणि उंच झाडं होती, आता सातव्या मजल्याचा सज्जा आणि पाण्याच्या टाकीचा तळ आहे. लोक म्हणतात, "ताई, पेटीत भरून घेऊन जा ना." आग्या पेटीत राहत नाही. उघड्यावर राहणारी माशी झाकणाखाली थांबत नाही, उडून जाते. त्यामुळे थवा सुखरूप पकडून दुसरीकडे नेऊन ठेवण्याचं जे काम म्हणतात, ते खऱ्या अर्थानं सातेरीचंच.

मी शिकले पुण्यात, केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ही संस्था १९६२ सालची. चौकट कशी उचलायची, राणी कशी ओळखायची, धूर किती द्यायचा, हे तिथे नीट हातात बसतं. थव्याबद्दल वाचायला लागले तेही तिथूनच. वसाहत वाढली, जागा पुरेनाशी झाली, की जुनी राणी निम्म्याहून अधिक कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते आणि घर मागे राहणाऱ्या नव्या राणीला सोडते. निघताना माश्या पोटात मध भरून घेतात. ती शिदोरी संपायच्या आत नवी जागा सापडली पाहिजे. राखायला पिल्लं नाहीत, मधाचा साठा नाही, म्हणून टेकलेला थवा सहसा अंगावर येत नाही. माणसाला मात्र तेव्हाच सर्वांत जास्त भीती वाटते, कारण पोळ्यातल्या माश्या झाकलेल्या असतात आणि थव्यातल्या सगळ्या एकदम डोळ्यांसमोर येतात.

थवा फांदीला किंवा वायरीला लटकलेला असतो तेव्हा त्याचं काम चालू असतं. काही अनुभवी माश्या जागा शोधायला जातात आणि परत येऊन थव्याच्या पाठीवर नाचतात. नाचाची दिशा आणि लांबी यांतून जागा कुठे आणि किती लांब ते इतरांना कळतं. माश्यांच्या नाचाचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी लावला, त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. थव्यावरच्या नाचाचा अर्थ लावला तो त्यांच्या विद्यार्थ्यानं, मार्टिन लिंडाउअर यांनी. १९४९ साली म्यूनिकमध्ये एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या त्यांना मळलेल्या दिसल्या. कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या भुकटीनं लाल, कुणी पिठानं पांढरी. फुलांवरून आलेल्या माशीच्या अंगावर पराग असतात, ही धूळ कुठली? शहर बॉम्बहल्ल्यांत पडलेलं होतं. माश्या धुराड्यांत, पडक्या भिंतींत शिरून घर बघत होत्या. फुलपाड्यात एक जुनी चाळ पाडायला घेतली होती त्या दिवसांत, शेजारच्या शेवग्यावर थवा टेकलेला असताना, मी दुर्बिणीतून त्यावर नाचणाऱ्या माश्या बघत बसले. धूळ लागलेली दिसली की नाही, हे त्या उन्हात मला खात्रीनं सांगता येणार नाही. पण तिथल्या पोरांना मी लिंडाउअरची गोष्ट सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनीच झाडाभोवती दोरी बांधून मोठ्यांना लांब ठेवलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला थवा उठला. पोरांना तो शाळेमुळे बघता आला नाही याचं वाईट वाटलं.

डोंगराच्या अंगाला असलेल्या एका चाळीतली सातेरीची वसाहत मात्र हलवावीच लागली. जिन्याखाली जुना, बंद पडलेला मीटर बॉक्स होता, त्यात त्यांनी बस्तान मांडलेलं. शेजारीच चालू मीटर. अशा ठिकाणी वायरमननं येऊन वीज बंद केल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही, कुणी कितीही घाई केली तरी. शेजारच्या खोलीतल्या मावशी म्हणाल्या, "वर्षभर आहेत गं, कधी चावल्या नाहीत. पण आता मीटर बदलायचेत म्हणतात." वर्षभर त्या माश्यांच्या वाटेतून पाण्याच्या कळश्या आणत होत्या. जाताना त्यांनी वळण थोडं बाहेरून घेतलं होतं, एवढंच.

असं काम मी दुपार कलल्यावर सुरू करते, म्हणजे अंधार पडेपर्यंत बाहेर गेलेल्या माश्या परत येतात. धुराड्यात नारळाचं सोडण आणि गोणपाटाचा तुकडा. वसईकडे सोडण फुकट मिळतं आणि त्याचा धूर थंड लागतो. दाराशी दोन-तीन फुंकरा, मग थांबायचं. धूर जास्त दिला की माश्या बिथरतात. झाकण निघालं तेव्हा आत सात पोळी होती, मधली पिल्लांनी भरलेली, कडेच्यांत मध. पेटीच्या चौकटी आधीच मांडून ठेवल्या होत्या. एकेक पोळं वरून कापायचं, फळीवर आडवं घ्यायचं, चौकटीत बसेल एवढं छाटायचं आणि केळीच्या सोपटाच्या ओल्या पट्टीनं बांधायचं. सोपट मेणाला कापत नाही, आणि पोळं चौकटीला जोडून झालं की माश्याच ते कुरतडून बाहेर टाकतात. पोळ्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, आणि त्यांचा क्रमही तोच. मधाची पोळी पेटीत घालत नाही. ती फुटतात, माश्या चिकटून मरतात, मुंग्या येतात. ती झाकणाच्या डब्यात.

पाड्यावरचे एक आजोबा बाजूला उकिडवे बसून सगळं बघत होते. तरुणपणी डोंगरातून मध काढलेला माणूस. मी पोळ्यांमध्ये राणी शोधत होते. ती लांबट आणि गडद असते, पण उजेड पडला की आडोसा धरते. आजोबा म्हणाले, "तिला शोधू नको. पेटीच्या तोंडाशी बघ." बघितलं तर फळीवर माश्यांची रांग लागली होती, शेपट्या वर करून त्या पंखांनी वारा घालत होत्या. म्हणजे राणी पोळ्याबरोबर आत पोचली होती. शेपटीजवळच्या ग्रंथीतून त्या एक गंध सोडतात आणि बाहेरच्यांना बोलावतात. मी पुस्तकात वाचलं होतं, त्यांनी ते डोळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. मग भिंतीला चिकटलेल्या माश्या मऊ ब्रशनं वाटीत घेऊन पेटीच्या तोंडाशी सोडत राहिले. पुढे झाडाव्या लागल्या नाहीत, त्या आपणहून चालत आत गेल्या.

अंधार पडल्यावर टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावते, माशीला लाल रंग दिसत नाही. दाराला तारेची बारीक जाळी, पेटीला दोन पट्टे, आणि रिक्षा. फुलपाड्यातच दोन गल्ल्या पलीकडे पेटी ठेवली असती तर सकाळी चरायला निघालेल्या माश्या जुन्या वाटेनं थेट मीटर बॉक्सपाशी परतल्या असत्या. म्हणून निदान तीनएक किलोमीटर लांब जायचं. मी रेल्वेच्या पलीकडे, आगाशीच्या वाड्यांत नेते. तिथे काकडीला, भोपळ्याला माशी हवी असते, कारण या वेलींची नर आणि मादी फुलं वेगळी आणि पराग पोचवणारं कुणीतरी लागतं. वाडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. राणीला अडवणारी जाळी काही दिवस दाराला राहू द्यायची. तरीही सातेरी मनात आलं तर जाते. आणलेल्या सगळ्या वसाहती टिकतात असं मी कुणाला सांगत नाही. त्या चाळीतली टिकली.

शासनाची 'मधाचे गाव' ही योजना आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये त्यातलं पहिलं गाव झालं, आणि नंतर आमच्या पालघर जिल्ह्यातलं घोलवडही यादीत आलं. तिथल्या चिकूच्या बागांमध्ये पेट्या जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पण त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, विरारसारख्या गावात, रोज मरणाऱ्या वसाहतींची कुठे नोंद नसते. एकीकडे पेट्या वाटायच्या आणि दुसरीकडे तयार वसाहतींवर फवारा मारायचा, हे मला सहन होत नाही. पुण्यात अमित गोडसे यांनी 'बी बास्केट'च्या नावानं सोसायट्यांतली पोळी न मारता हलवण्याचं काम उभं केलं. वसई-विरारला असं काम करणारी माणसं आणखी हवीत, आणि ती अग्निशमन दलाच्या नंबराइतकी सगळ्यांना माहीत हवीत.

फवाऱ्याचं म्हणते ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. एका इमारतीवर आग्याचं पोळं होतं, सोसायटीनं माणसं बोलावली, त्यांनी भर दुपारी औषध मारलं. माश्या मेल्या, पण सगळ्या एकदम मरत नाहीत. अर्धमेल्या माश्या खाली रस्त्यावर पडल्या आणि भाजीवाल्या बाईंना, रिक्षावाल्यांना डसल्या, ज्यांचा त्या इमारतीशी काही संबंध नव्हता. वरचं पोळं तसंच राहिलं. त्यातली पिल्लं सडली, वास सुटला, मध भिंतीवरून ओघळला. खाली पडलेल्या तुकड्याचा मध एक मुलगा बोटानं चाखत होता, तो मी त्याच्या हातातून घेतला. विषाचा फवारा बसलेला मध तो.

आग्या डसण्याचं भय खोटं नाही. एक माशी डसली की डंखाबरोबर पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर इतर माश्या त्याच जागी येतात. म्हणून उभं राहून हातवारे करू नयेत. तोंड कापडानं झाकून पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरावं. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घिरट्या घालत थांबतात. आत गेल्यावर डंख लगेच काढायचा, नखानं खरवडून किंवा चिमटीनं, कसाही, कारण तो सुटून राहिला तरी विष आत ढकलत असतो. जागा साबणानं धुवायची. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर डंख एकच असला तरी १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. हळद, चुना लावत बसायची ती वेळ नसते. हे मी प्रत्येक सोसायटीत माश्यांबद्दल एक अक्षर बोलण्याआधी सांगते. भीतीचं नीट उत्तर मिळालं की लोक पुढचं ऐकतात.

एका टॉवरमध्ये तक्रार वेगळीच होती. पार्किंगमधल्या गाड्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडत होते. कुणी म्हणालं कारखान्याचा धूर, कुणी म्हणालं वरच्या मजल्यावरचे रंग सांडतात, दोन घरांत भांडण लागलेलं. टाकीखाली आग्याचं पोळं होतं आणि ते ठिपके माश्यांच्या विष्ठेचे होते. आग्या माश्या ठरावीक वेळी हजारोंनी एकदम बाहेर पडतात आणि हा विधी उरकून परत येतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं, या ठिपक्यांवरून जगातल्या दोन महासत्ता भांडल्या आहेत. १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आरोप केला होता की आग्नेय आशियात सोव्हिएत बाजूकडून विषारी 'पिवळा पाऊस' पाडला जातोय. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि माशीतज्ज्ञ टॉमस सीली त्याचा छडा लावायला थायलंडला गेले. ठिपक्यांत पराग भरलेले होते आणि पाऊस पाडणाऱ्या होत्या आग्या माश्या. मीटिंगमध्ये पहिल्यांदा हशा झाला, आणि त्या दोन घरांतलं भांडणही तिथेच मिटलं.

त्या सोसायटीनं थांबायचं ठरवलं. आग्या कायमची राहत नाही. फुलोरा संपला की, सहसा पावसाच्या आधी, पोळं सोडून जाते. तोवर टाकीच्या बाजूचा जिना बंद, गच्चीवर पतंग आणि फटाके बंद, आणि रात्री त्या बाजूच्या खिडक्या लावून दिवे मंद. रात्री उजेडावर आलेल्या माश्या घरात पडतात, त्यांच्यावर पाय पडून लहान मुलं डसवून घेतात, पुष्कळ डंख असेच लागतात. वॉचमनकाकांनी रोज संध्याकाळी मजल्या-मजल्यावर जाऊन आठवण करून दिली. जिथे थांबणं शक्यच नसतं, म्हणजे आजारी माणसाच्या खिडकीला लागून किंवा रंगकामाच्या परांचीच्या वाटेत पोळं असतं, तिथे रात्री दिवे घालवून, सगळी घरं बंद करून, दोरावर उतरणारी दोन शिकलेली माणसं धुरानं माश्या उठवतात आणि पोळं कापतात. मला ते काम आवडत नाही. पिल्लं जातात. पण फवाऱ्यापेक्षा माश्या तरी जगतात आणि दुसरीकडे बांधतात.

जूनच्या पहिल्या सरींआधी टाकीखालचं पोळं रिकामं झालं. आग्या पुढच्या मोसमात त्याच जागी परत येते. सिमेंटवर राहिलेला मेणाचा पट्टा नव्यांनाही खुणावतो. म्हणून रिकामं झाल्यावर लगेच मेण खरवडून, जागा धुवून रंगवून घ्यायची, नको असेल तिथे जाळी मारायची. यंदा दिवाळीनंतर सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला, माश्या यायच्या आधीच. बाल्कन्यांच्या वर जाळी मारायची हे सगळ्यांना मान्य होतं. टाकीच्या डोंगराकडच्या बाजूवरून कमिटीत दोन तट पडले होते. तिथे खिडकी नाही, जिना नाही, खाली नाला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचं म्हणणं होतं की तेवढी बाजू मोकळी ठेवा, दोन महिने गच्ची बंद राहिली तरी चालेल. रविवारी मीटिंग ठेवली आहे. मला बोलावलंय. मी डंखांवरचे उपाय छापलेले कागद आणि गेल्या वर्षीच्या पोळ्याचे फोटो घेऊन जाणार आहे, आणि बाजू मोकळी ठेवा असंच सांगणार आहे.